पोती मोजलीस का?

आमच्याकडे एक टेस्ट होती, म्हणजे ॲप नीट चालतंय का ते आपोआप तपासणारा कोड. ती महिन्यातून दोन-एकदा पडायची. बाकी दिवस हिरवीगार. पडली की यंत्रणा तिला आपणहून पुन्हा चालवायची, दुसऱ्या खेपेला ती निमूट पास व्हायची आणि सकाळच्या रिपोर्टात तिच्या नावापुढे 'फ्लेकी', म्हणजे लहरी, असा पिवळा शिक्का बसायचा. पिवळ्याकडे कोण बघतंय? लाल दिसलं तर फोन येतो. पिवळं दिसलं तर आधी चहा.

टेस्ट अगदी साधी. क्रिप्टो वॉलेटच्या वेब ॲपमध्ये 'जुनं वॉलेट परत आणा' असा एक पडदा असतो. आपले बारा गुप्त शब्द ओळीने टाकायचे, की आपली खाती समोर. माझी टेस्ट त्या बारांतला शेवटचा शब्द बदलून भलताच टाकायची आणि 'हे शब्द बरोबर नाहीत' असा इशारा येतो का, एवढंच बघायची. लिहिली मीच होती. वर हुशारी केली होती की दर वेळी तोच तो चुकीचा शब्द नको, यादीतला कुठलाही रँडम उचलू दे.

एका शनिवारी दुपारी लाइट गेली, इन्व्हर्टरवर नुसता पंखा चालू होता. म्हटलं, ही भानगड कागदावर तरी सोडवून बघू. हे बारा शब्द कसे बनतात ते बीआयपी-३९ नावाच्या २०१३ च्या मानकात दिलंय. यादीत २०४८ शब्द. २०४८ म्हणजे दोनाचा अकरावा घात, म्हणून एका शब्दामागे ११ बिट, म्हणजे शून्य-एकच्या अकरा जागा. बारा अक्रे एकशे बत्तीस. त्यातले १२८ बिट खऱ्या गुपिताचे आणि उरलेले ४ निव्वळ ताळ्याचे. शाळेत गुणाकाराचा ताळा बघायचो ना, तेच काम. आता चार बिटांत शक्यता किती, तर सोळा. म्हणजे शेवटच्या जागी डोळे मिटून कुठलाही शब्द टाका, सोळ्यात एकदा ताळा जुळणारच. २०४८ पैकी १२८ शब्द तिथे बिनतक्रार चालतात.

माझे वडील अण्णा शेजारी आरामखुर्चीत भडंग खात बसले होते. त्यांनी माझा कागद चष्म्याखालून बघितला आणि म्हणाले, "म्हंजे रुपयाला एक आणा."

बरोब्बर. रोज एकदा टेस्ट चालते, सोळा दिवसांत एकदा पडते, महिन्याला दोन. चार महिने आम्ही ज्याला 'नेटवर्कचा काहीतरी प्रॉब्लेम असेल' म्हणत होतो ते पाचवी-सहावीतलं गणित निघालं. ॲपचं काही चुकलं नव्हतं, ते आपलं काम चोख करत होतं.

टेस्ट दुरुस्त करायला दोन मिनिटं लागली. रँडम काढून टाकलं आणि यादीतला पहिलाच शब्द, 'अबॅन्डन', बारा वेळा लिहिला. अकरा वेळा 'अबॅन्डन' आणि शेवटी 'अबाउट' ही जोडणी बरोबर धरली जाते. बाराही 'अबॅन्डन' मात्र ताळ्यात बसत नाहीत. कायमचं चुकीचं, कधीही चालवा.

पण रात्री अंथरुणावर पडल्यावर दुसरंच डोक्यात आलं. टेस्टचं जाऊ दे, माणसाचं काय? कुणीतरी कागदावर बघून शब्द टाकतोय, एक शब्द चुकला आणि नेमका तो एक आणा लागला. इशारा येणार नाही. वॉलेट उघडणार. दुसरंच, कुणाचंही नसलेलं, रिकामं. समोर शिल्लक शून्य. त्या माणसाच्या छातीत काय होईल? सोमवारी मी मीटिंगमध्ये विषय काढला की शब्द टाकल्यावर एकदम आत नेऊ नका, आधी 'हा तुमचाच पत्ता ना?' असं विचारा. 'इतकं क्वचित कोण चुकतंय' इथपासून सुरुवात झाली. मी म्हटलं, आमच्या रिपोर्टात महिन्यातून दोनदा. तो पडदा पुढच्या महिन्यात आला.

हे सगळं सांगायचं तर थोडं मागे जायला हवं. मी सांगलीची, घर गावभागात. अण्णा मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात एकतीस वर्षं दिवाणजी होते. मी पुण्यात टेस्टर. आधी विम्याच्या वेबसाइटवर दिवसभर बटणं दाबून एक्सेलमध्ये 'पास', 'फेल' भरायचे. २०२० ला लॉकडाउन लागलं तशी दोन पिशव्या आणि लॅपटॉप घेऊन घरी आले, ती परत गेलेच नाही. वरच्या मजल्यावरची खोली माझं ऑफिस झाली. वरचीच, कारण २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी आमच्या जिन्याच्या नवव्या पायरीला लागलं होतं. तेव्हापासून आमच्या घरात किमती वस्तू दहाव्या पायरीच्या वरच राहतात.

मग कंपनीनं वॉलेटचं काम घेतलं आणि मला विचारलं, ऑटोमेशन शिकशील का. मी हो म्हटलं. क्रिप्टोचं मला ओ की ठो कळत नव्हतं. आजही माझ्याकडे दमडीचं क्रिप्टो नाही. लग्नाकार्यात भाऊबंद गाठून विचारतात, "घेऊ का गं बिटकॉइन?" मी सांगते, नफ्यावर ३० टक्के कर आहे, विकताना १ टक्का टीडीएस कापतात, दोन्ही २०२२ पासून. पुढचं तुमचं तुम्ही बघा. त्यावर ते जेवायला वळतात.

अण्णांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, "ह्या डब्यात पैसे असत्यात व्हय?"

"नाही अण्णा. पैसे असे कुठे नसतातच. हजारो कॉम्प्युटरवर एकच वही आहे, तिच्यात कुणाच्या नावावर किती ते लिहिलेलं असतं. आमच्या ॲपमध्ये फक्त चावी. चावीनं सही केली की वहीतली नोंद इकडून तिकडे होते."

ते जरा थांबले. "हरिपूरच्या पेवागत."

हरिपूरची पेवं ज्यांनी बघितली नाहीत त्यांच्यासाठी सांगते. जमिनीत खोल खणलेलं कोठार, तोंड माणूस उतरेल एवढंच, पोट ऐसपैस. आत हळद भरायची आणि तोंड बंद करायचं. अण्णांच्या उमेदीत हळद पेवात तशीच पडून असायची आणि बाजारात फिरायची ती पावती. मालक बदलायचा, हळद जागची हलायची नाही. २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरलं, तेव्हा हातात पावती आणि खाली चिखल अशी अवस्था झालेली माणसं अण्णांनी बघितलीयत. त्यामुळे 'वॉलेटमध्ये पैसे नसतात' हे त्यांना माझ्या टीम लीडच्या आधी कळलं.

कामाची सुरुवात मात्र फजितीनं झाली. आमच्या ॲपमध्ये दोन वाटा होत्या. आमचंच वॉलेट वापरा, नाहीतर ब्राउझरात आधीच असलेलं एक्स्टेन्शन वॉलेट जोडा. मी प्लेराइट घेतलं. मायक्रोसॉफ्टनं २०२० ला आणलेलं, ब्राउझर आपोआप चालवणारं हे साधन बटण दिसेपर्यंत आपणच थांबतं, त्यामुळे सेलेनियम या जुन्या साधनात घातले जाणारे 'पाच सेकंद थांब' असले उतारे लागत नाहीत. साध्या वेबसाइटला ते लोण्यासारखं चालतं. एक्स्टेन्शन आलं की लोण्यात खडा.

एक्स्टेन्शन म्हणजे ब्राउझरातलं परकं बिऱ्हाड. नेहमीच्या कोऱ्या ब्राउझरात ते येत नाही. स्वतंत्र प्रोफाइल असलेला ब्राउझर काढून त्याच्या गळ्यात घालावं लागतं. 'सही करा' म्हटलं की त्याची वेगळीच खिडकी उघडते. मी आधी बटण दाबायचे आणि मग खिडकीची वाट बघायचे. कधी सापडायची, कधी मी बघायच्या आत उघडून झालेली असायची. दोन दिवस डोकं आपटल्यावर उमगलं की आधी कान द्यायचा, मग बटण दाबायचं. खिडकीची वाट बघायला एकाला बसवा, मग क्लिक करा. कोडमध्ये एक ओळ वरखाली, बाकी काही नाही.

त्यातून क्रोमच्या नव्या नियमांत एक्स्टेन्शनचा मागचा कामगार तीस सेकंद रिकामा बसला की झोपतो. माणसाच्या लक्षातही येत नाही, टेस्ट मात्र अडकते. आणि एका गुरुवारी सकाळी आमच्या ४१ टेस्ट एका झटक्यात लाल. आमच्या कोडला कुणी हात लावला नव्हता. एक्स्टेन्शनची नवी आवृत्ती आली होती आणि 'पुढे' बटणावरची अक्षरं बदलली होती, एवढंच! त्या दिवसापासून आवृत्ती ठरवून ठेवली. नवी आली तरी आपण सांगू तेव्हाच घ्यायची.

खरा तोडगा निराळाच होता. वेबसाइट आणि वॉलेट एकमेकांशी ठरलेल्या भाषेत बोलतात. ईआयपी-११९३ नावाचा करार आहे, त्यात कोणती विनंती कशी करायची आणि नकार कसा कळवायचा ते ठरलेलं. मग खरं एक्स्टेन्शन हवं कशाला? पान उघडायच्या आत एक छोटं खोटं वॉलेट आपणच पानात सोडायचं. ॲपनं खाती मागितली की ते खाती देतं, सही मागितली की टेस्टच्या चावीनं सही करतं. आणि मी सांगितलं की नकार देतं, क्रमांक ४००१. म्हणजे 'वापरणाऱ्यानं नाही म्हटलं'.

हा ४००१ मला फार आवडतो. सगळेजण 'हो' दाबून बघतात. 'नाही' दाबल्यावर काय होतं ते आमच्या ॲपमध्ये कुणीच बघितलं नव्हतं. मी बघितलं, तर गोल फिरत राहिलेलं चक्र, पान बंद करेपर्यंत. माणूस नाही म्हणाला आणि ॲप अजून होची वाट बघतंय. ४१ पैकी ३५ टेस्ट मी खोट्या वॉलेटवर नेल्या, सहाच खऱ्या एक्स्टेन्शनवर ठेवल्या. सगळ्या खोट्यावर नेल्या असत्या तर खऱ्याशी जुळतंय का हे कधीच कळलं नसतं.

आता वही, म्हणजे ब्लॉकचेन. तिला आम्ही साखळी म्हणतो. सुरुवातीला मी सेपोलिया नावाच्या सार्वजनिक चाचणी साखळीवर टेस्ट चालवायचे. तिथलं इथर (इथेरियम साखळीचं चलन) फुकट, पण थेंबाथेंबानं मिळतं आणि दर १२ सेकंदांनी एक ब्लॉक, म्हणजे वहीचं एक नवं पान. चाळीस टेस्ट म्हणजे तेवढ्यात मी विश्रामबागला जाऊन भाजी घेऊन यायचे. मग घरच्या मशिनवरच साखळी उभी केली, हार्डहॅट नावाच्या साधनाची. आज्ञा दिली की वीस खाती तयार, प्रत्येकात १०,००० चाचणी इथर. साखळीचा क्रमांक ३१३३७. या खात्यांचे बारा शब्द जगजाहीर आहेत. अकरा वेळा 'टेस्ट' आणि शेवटी 'जंक'. अण्णा म्हणाले, "सगळ्या गावाला ठाव असल्याली चावी कसली गं?" तोच तर मुद्दा. खऱ्या साखळीवर त्या पत्त्यावर पैसे टाकायचे म्हणजे एसटी स्टँडवर पाकीट ठेवून चहाला जायचं.

आणि तसलीच चावी वापरायची, याला कारण आहे. टेस्ट पडली की प्लेराइट तिचा माग जपून ठेवतं. कुठल्या चौकटीत काय टाइप केलं, पडद्यावर काय दिसत होतं, सगळं. ती फाइल सर्व्हरवर जाते, टीममध्ये कुणीही उघडतं. आमच्यातल्या एकानं घाईघाईत स्वतःच्या खऱ्या वॉलेटचे शब्द टेस्टमध्ये घातले होते. मी ते त्या मागाच्या फाइलीत वाचले, फोन केला आणि म्हटलं, आत्ताच्या आत्ता नवीन वॉलेट काढ आणि पैसे तिकडे हलव, जेवण नंतर. त्यानं हलवले. नंतर त्याच प्रसंगावरून एक टेस्ट सुचली. शब्द टाकल्यावर पानातून बाहेर जाणारी प्रत्येक विनंती पकडायची आणि तिच्या पोटात आपले शब्द सापडतात का बघायचे. ब्राउझरच्या साठ्यात बघायचं, त्याच्या नोंदी उमटतात त्या कन्सोलमध्येही बघायचं. पहिल्याच खेपेला सापडले. चुका नोंदवणारं एक बाहेरचं साधन ॲपमध्ये बसवलं होतं, ते फॉर्ममधला मजकूरही इमानेइतबारे उचलून पाठवत होतं. त्या दिवशी मात्र मीटिंगमध्ये कुणी 'क्वचित' म्हणालं नाही.

घरच्या साखळीला एक खोड आहे. ती फार तत्पर. व्यवहार पाठवला की त्याच क्षणी ब्लॉक. म्हणजे 'व्यवहार चालू आहे, थांबा' हा पडदा, जो खऱ्या माणसाला काही सेकंद तरी बघावाच लागतो, तो आमच्या टेस्टमध्ये कधी उमटतच नव्हता. त्यावरचं बटण मोडलेलं असतं तरी आम्हाला पत्ता लागला नसता. मग आपोआप ब्लॉक बनणं बंद केलं. व्यवहार पाठवायचा, चालूचा पडदा नीट बघून घ्यायचा, मग 'आता बनव ब्लॉक' असं साखळीला सांगायचं. दुसरी गंमत स्नॅपशॉटची. टेस्टच्या आधी साखळीचा फोटो काढून ठेवता येतो आणि नंतर त्या क्षणावर परत जाता येतं. मात्र एक फोटो एकदाच चालतो, परत आलात की नवा काढा. हे न वाचल्यामुळे माझा एक अख्खा मंगळवार गेला. साखळी मागे गेली तरी वॉलेटला आपण किती व्यवहार केले ते आठवत असतं. ते पुढचा क्रमांक टाकतं आणि साखळी म्हणते, मधले कुठायत? वॉलेटलाही विसरायला लावावं लागतं.

आकड्यांचं चटकन सांगते. एक इथर म्हणजे १ वर अठरा शून्यं एवढे वेई. जावास्क्रिप्टचा साधा आकडा ९,००७,१९९,२५४,७४०,९९१ च्या पुढे गेला की भरवशाचा राहत नाही, आणि वेईमध्ये एवढे म्हणजे इथरचा शंभरावा भागही नाही. तेव्हा टेस्टमध्येही मोठ्या पूर्णांकांचाच हिशोब, दशांश चिन्ह बंद. शिवाय माझ्या मशिनवर एक लाख टोकन '१,००,०००' दिसायचे, सर्व्हरवर '१००,०००'. टेस्ट इकडे पास, तिकडे नापास. भाषा-प्रदेश ठरवून दिला आणि संपलं.

आणि आता ती गोष्ट, जिच्यामुळे मी हे लिहायला घेतलं.

पैसे पाठवण्याची टेस्ट सगळ्यांत जुनी, माझी लाडकी. पत्ता टाका, रक्कम टाका, 'पाठवा' दाबा, 'यशस्वी' दिसलं की पास. तीन महिने एकदाही पडली नव्हती. मी ती नव्या मुलांना नमुना म्हणून दाखवायचे. एके दिवशी ग्राहकासमोर प्रात्यक्षिक होतं, घरच्याच साखळीवर. आमच्या माणसानं दुसऱ्या खात्याचा पत्ता टाकला, रक्कम टाकली, मग ग्राहक म्हणाला, तिसऱ्याला पाठवा की. यानं पत्ता बदलला आणि लगेच 'पाठवा' दाबलं. खात्री करायच्या पडद्यावर तिसऱ्याचाच पत्ता. 'यशस्वी' आलं. तिसऱ्याचं खातं उघडलं तर शिल्लक जशीच्या तशी.

पैसे दुसऱ्याला गेले होते.

पहिला पत्ता टाकल्याबरोबर ॲप शुल्काचा अंदाज घ्यायला व्यवहार बांधून ठेवायचं. पत्ता बदलला की तो पुन्हा बांधायला त्याला अर्धा-एक सेकंद लागायचा. तेवढ्यात बटण दाबलं तर सही जुन्या व्यवहारावर, आणि पडद्यावर दिसायचा तो पत्ता चौकटीतून उचललेला, म्हणजे नवा. दाखवायचं एक, करायचं दुसरं. आणि साखळीवरचा व्यवहार मागे घेता येत नाही. आमचं नशीब की ते चाचणी इथर होतं, खरी आवृत्ती बाहेर जायला अजून दोन आठवडे होते.

डेव्हलपर म्हणाला, "माझ्या मशिनवर चालतंय." ते ठरलेलंच. पण मला झोंबलं ते वेगळं. माझी टेस्ट त्याही क्षणी हिरवी होती. प्रात्यक्षिकानंतर दहा मिनिटांनी मी ती चालवली, हिरवी.

रात्री जेवताना अण्णांना सांगितलं. त्यांनी भाकरी मोडता मोडता विचारलं, "पोती मोजलीस का नुसती वही वाचलीस?"

मला आधी कळलंच नाही. मग ते बोलत गेले. संध्याकाळी दुकान बंद करायच्या आधी रोजमेळ जुळला तरी ते उठायचे नाहीत. वखारीत जायचे आणि प्रत्येक थप्पीची पोती हात लावून मोजायचे. एकदा वहीत २४० आणि वखारीत २३८. लिहिणाऱ्यानं बरोबर लिहिलं होतं, बेरीज बरोबर होती, सही होती. दोन पोती हमालानं शेजारच्या अडत्याच्या थप्पीवर टाकली होती, कारण चिठ्ठी बदलली तेव्हा तो निम्म्या वाटेत होता. "वही वहीशी जुळणारच की," अण्णा म्हणाले, "एकाच माणसानं लिव्हलीया."

भाकरी तशीच ठेवून वर गेले असं काही झालं नाही. जेवले, भांडी घासली, मग गेले. पण त्या रात्री ती लाडकी टेस्ट मोडली आणि नव्यानं बांधली. ॲपच्या पडद्यावर काय दिसतं ते बघायचंच, पण त्यावर निकाल द्यायचा नाही. निकाल साखळीला विचारायचा, ॲपला मध्ये न घेता. पाठवायच्या आधी तिन्ही खात्यांची शिल्लक लिहून ठेवायची. मग ॲपमधून पाठवायचं, पत्ता मध्येच बदलायचा आणि क्षणभरही न थांबता बटण दाबायचं. मग साखळीकडून व्यवहाराची पावती मागायची. कुणाला गेले, किती गेले. तिसऱ्याची शिल्लक नेमकी तेवढीच वाढली का? दुसऱ्याची हलली नाही ना? आणि पाठवणाऱ्याची किती घटली? रक्कम अधिक शुल्क. साध्या इथर पाठवणीला २१,००० गॅस लागतो (गॅस म्हणजे साखळीवरच्या कामाचं माप), त्याला पावतीवरच्या प्रत्यक्ष दरानं गुणायचं. वेईपर्यंत जुळलं पाहिजे. एका वेईचाही फरक चालणार नाही.

चालवली. लाल. इतक्या आनंदानं लाल रंग मी आयुष्यात बघितला नसेल.

नकाराच्या टेस्टलाही तोच न्याय लावला. ४००१ आला, ॲपनं 'रद्द' दाखवलं, ठीक आहे. पण साखळीवर त्या खात्याचा व्यवहार-क्रमांक पुढे सरकलाय का? सरकला असेल तर रद्द म्हणून दाखवलेलं काहीतरी गुपचूप गेलंय. पुढचे तीन आठवडे मी एकेक टेस्ट घेऊन बसले आणि प्रत्येकीला अण्णांचा प्रश्न विचारला. अकरा टेस्ट अशा निघाल्या की त्या फक्त वही वाचत होत्या. त्यातल्या दोन नव्यानं बांधल्यावर पडल्या.

शेवटची कुरबुर 'सगळी शिल्लक पाठवा' या बटणाची. माझा हिशोब सरळ, सगळी पाठवली म्हणजे खात्यात शून्य. टेस्ट लाल. खात्यात ०.००००२१ इथर शिल्लक. मी बग टाकला, डेव्हलपरनं बंद केला. मी पुन्हा उघडला. या वेळी त्याचं बरोबर होतं. शुल्काचा दर ब्लॉक बनेपर्यंत पक्का नसतो, म्हणून ॲप जास्तीत जास्त दरानं शुल्क बाजूला ठेवून बाकीचे पाठवतं. प्रत्यक्षात दर कमी लागला की फरक खात्यात उरतो. आमच्या साखळीवर कमाल दर गॅसमागे ३ ग्वेई (एक ग्वेई म्हणजे शंभर कोटी वेई) ठेवलेला, लागले २. उरला एक ग्वेई, गुणिले २१,०००. बरोब्बर तेवढंच.

मग शून्याची अट काढून नवी घातली. उरलेली रक्कम नेमकी दरांच्या फरकाएवढीच हवी, एक वेई कमी नाही, एक वेई जास्त नाही. हिरवी झाली. अण्णांना दाखवलं. त्यांनी विचारलं, "मग हे जे ऱ्हायलं, ते उद्याच्या पानावर पयल्या ओळीत घेतलं का?"

त्यांच्या रोजकिर्दीत पहिली ओळ कायम श्रीशिल्लक. काल काय उरलं, तिथून आजचा हिशोब. मी ती शिल्लक घेऊन पुढची टेस्ट तिथूनच सुरू होईल अशी जोडणी केली आणि टेस्टला नाव दिलं 'श्रीशिल्लक'. कोड तपासणाऱ्या बंगळूरच्या मुलानं शेरा मारला की नावाचा अर्थ कळत नाही, बदला. मी त्याला लांबलचक उत्तर लिहिलं, पुसलं, आणि नुसतं 'ओपनिंग बॅलन्स' असं कळवलं.

नाव अजून तेच आहे.